एक सदस्य गैरहजर

१

माननीय सभागृह, तुम्ही खोटं लिहिलंत.

त्या दिवसाच्या इतिवृत्तात तुमच्या गुळगुळीत भाषेत एक ओळ आहे: ‘एक सदस्य गैरहजर.’ खाली सही, शिक्का, सगळं जिथल्या तिथे. तो सदस्य गैरहजर नव्हता. तो तुमच्या पायाखाली होता. वर तुमच्या गुबगुबीत खुर्च्या, खुर्च्यांखाली फरशी, आणि फरशीखाली तो. तुम्ही तावातावाने भांडत होतात की समलिंगी लोकांच्या अभिमान फेरीला पालिकेने निधी द्यावा की देऊ नये. तेव्हा तो खाली काय करत होता, ते पुढे येईलच. आधी तो सापडला कसा, ते ऐका.

सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पालिकेची झाडूवाली मावशी तळघरात बादली ठेवायला गेली. तळघर सभागृहाच्या बरोबर खाली. मोडक्या खुर्च्या, जुने निवडणुकीचे फलक, एक अवाढव्य बॉयलर आणि थंडीत सभागृह उबदार ठेवायला त्याच्यातून निघून वर गेलेले जाडजूड पाइप. मावशीने दाराबाहेरचं बटण दाबलं. दिवा लागला आणि जिन्याच्या पायथ्याशी नगरसेवक केमिस्ट दिसला.

केमिस्ट म्हणजे चौकातल्या औषधाच्या दुकानाचा मालक. अर्ध्या शहराची मूळव्याध आणि पाऊण शहराची झोपेची गोळी ह्या माणसाला पाठ होती, पण त्याने कुणाबद्दल कधी ब्र काढला नाही. म्हणूनच लोक त्याला निवडून द्यायचे. पोटातलं ओठावर न आणणारा माणूस सगळ्यांनाच बरा वाटतो.

फौजदारबाई आल्या त्या एकेक पायरी मोजून मापून उतरत. त्यांचा गुडघा जिन्यांवर रुसलेला होता. केमिस्ट पाइपाला खेटून कुशीवर पडलेला. डोक्यामागचं रक्त वाळून काळं झालेलं, डावा पाय नको त्या बाजूला वळलेला. उजवा बूट पायात नव्हता, हाताजवळ पडला होता. बुटाच्या टाचेला पांढऱ्या रंगाचे कपचे चिकटले होते. फौजदारबाईंनी आधारासाठी पाइपावर हात टेकला. थंडगार.

“मावशी, दार कसं होतं?”

“नुसतं लोटलेलं. बाहेरून कडी नव्हती.”

“आणि दिवा?”

“दिवा मी लावला, मग ओरडले. आधी ओरडून मग दिवा लावायला मी काय सिनेमातली बाई आहे?”

म्हणजे दिवा बंद होता. आणि त्याचं बटण दाराबाहेर. अंधाऱ्या तळघरात दिवा न लावता कोण उतरेल? फौजदारबाईंनी प्रश्न मनात टाचून ठेवला.

तेवढ्यात वर दारात पालिकेच्या अध्यक्षबाई येऊन उभ्या राहिल्या. कडक इस्त्रीची साडी, तोंडावर पदर. “अरे देवा,” त्या म्हणाल्या. “काल सभेला आले नाहीत, मला वाटलं तब्येत बरी नसेल. मी तर आठवडाभरात त्यांना पाहिलंसुद्धा नव्हतं. त्यांच्या... ह्यांना कळवलं का हो कुणी?”

“कळवतोय,” फौजदारबाई म्हणाल्या.

अध्यक्षबाई डोळे पुसत वळल्या, आणि तळघरात काळोख झाला.

“अहो, आम्ही खाली आहोत,” फौजदारबाई ओरडल्या.

दिवा परत लागला. “माफ करा हं. हात आपोआप जातो बटणाकडे. पालिकेचं विजेचं बिल आटोक्यात आणता आणता सवयच लागली.”

वर आल्यावर फौजदारबाईंना सभागृहाच्या दाराशी लाकडी खणांची भिंत दिसली. सभेला जाताना सदस्यांनी आपापले फोन तिथे ठेवायचे, असा नियम. बाकी सगळे खण रिकामे होते. केमिस्टच्या खणात फोन होता. म्हणजे माणूस सभेला आला होता. सभागृहाच्या उंबऱ्यापर्यंत आला होता.

फोनवर एक न ऐकलेला निरोप होता. फौजदारबाईंनी तो लावला. पुरुषाचा आवाज, रडून घोगरा झालेला:

“नाही ना आलास? मला ठाऊकच होतं. आता घरी येऊ नकोस. तिकडेच मर.”

२

आवाज कुणाचा, हे शोधायला लागलं नाही. केमिस्टच्या धाकट्या भावाने ऐकताच सांगितलं.

“भाडेकरूचा.”

हा भाडेकरू पडदे शिवायचा. शहरातल्या निम्म्या खिडक्यांवर त्याचे पडदे. सभागृहातले निळे मखमली पडदेही त्याचेच. केमिस्टच्या घरात माडीवर राहायचा, आणि तो राहायला आला तेव्हा दोघांचेही केस काळेभोर होते.

“भाडं किती देतो?” फौजदारबाईंनी विचारलं.

भाऊ घुटमळला. “ते दादालाच माहीत.”

“आणि तुम्हाला काय माहीत?”

“हे बघा बाई, आमचं घराणं अब्रूदार आहे. दादाने लग्न केलं नाही कारण त्याला दुकानातून सवड नव्हती. एवढंच. तुम्हाला खुनी हवाय ना? निरोप ऐकलात ना? मग बेडी घाला आणि मोकळ्या व्हा. देह मला द्या. सगळं आवरून टाकतो.”

“आवरून टाकतो म्हणजे? माणूस आहे की पसारा?”

कायदा मात्र भावाच्या बाजूने होता. शवागाराच्या खिडकीवरचा कारकून कुणालाही एकच प्रश्न विचारायचा: नातं काय? भावाने ‘सख्खा भाऊ’ म्हटलं आणि देह घेऊन गेला. पडदेवाला त्याच्या मागेच रांगेत उभा होता. कारकुनाने त्याला विचारलं, नातं काय? तो उघड्या तोंडाने उभा राहिला, मग बाजूला झाला.

फौजदारबाईंनी त्याला दुकानात गाठलं. तो शिवणयंत्रापुढे बसला होता आणि सुईत दोरा नव्हता. यंत्र मात्र चालवत होता. रिकामी सुई कापडाला नुसती भोकं पाडत होती.

“निरोप तुमचा?”

“माझा.”

“‘तिकडेच मर’ म्हणालात.”

“म्हणालो. आणि तो लगेच कामाला लागला बघा. आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलं.” तो हसला. ते हसू बघवत नव्हतं.

“काल कुठे होतात?”

“सभागृहात. वरच्या सज्जात, प्रेक्षकांमध्ये. सगळ्यांनी पाहिलंय मला.”

“त्याच्या आधी?”

“आम्ही सोबतच निघालो. तो सदस्यांच्या दाराने गेला, मी सज्जाच्या जिन्याने. तेवढंच अंतर ठेवायचो आम्ही नेहमी. दोन दारांचं.” त्याने यंत्र थांबवलं. “तो काल उभा राहून बोलणार होता. आमच्याबद्दल. भरसभेत. मी सज्जात बसून त्याच्या खुर्चीकडे बघत होतो. विषय निघाला, भाषणं झाली, हात वर झाले, मोजले गेले. खुर्ची रिकामी. मला वाटलं, पळाला. आधीही दोनदा पळाला होता. एकदा माझ्या आईच्या अंत्यविधीला, एकदा त्याच्याच साठीच्या जेवणाला. तिथे मला सांगितलं, तू वाढपी म्हणून थांब.”

“आणि थांबलात?”

“थांबलो. चांगलं वाढलं.”

फौजदारबाई उठल्या. पोलीस म्हणून त्यांना तिथेच बेडी घालता आली असती. निरोप होता, राग होता, वरिष्ठांचा दोनदा फोन येऊन गेला होता की भाडेकरूचं काय झालं.

“बाई,” तो मागून म्हणाला. “मला आत टाकायचं तर टाका. माझं काही म्हणणं नाही. फक्त एवढं शोधून सांगा, तो तिथे लपायला गेला होता का? मी वर बसलोय हे ठाऊक असून तो खाली जाऊन लपला का?”

३

वकीलसाहेब म्हणजे निधीच्या विरोधकांचे पुढारी. त्यांच्या कचेरीत खुर्च्या अशा ठेवल्या होत्या की समोरच्याने खालून वर बघावं.

“आमचा विरोध माणसांना नाही, निधीला आहे,” ते म्हणाले. “गटारं तुंबलीत बाई. दवाखान्यात औषध नाही. आणि ह्यांच्या नाचगाण्याला करदात्यांचा पैसा?”

“ते कर भरत नाहीत?”

“भरतात ना. मी कुठे नाही म्हणतो?”

“मागे कुत्र्यांच्या प्रदर्शनाला दिलात निधी.”

“कुत्री कुणाच्या डोळ्यावर येत नाहीत.” वकीलसाहेब स्वतःच्या विनोदावर हसले. फौजदारबाई हसल्या नाहीत, तेव्हा त्यांनी चहाचा पेला उचलला. “केमिस्ट आमचा माणूस. दर वेळी आमच्या बाजूने हात. आला असता तर प्रस्ताव दोन मतांनी पडला असता. नाही आला, एका मताने पडला. पडला ना? मग मी त्याला कशाला मारू?”

“आणि तो आला असता, पण हात दुसऱ्या बाजूला वर केला असता तर?”

वकीलसाहेबांचा पेला ओठांपाशी थांबला. “तो? छे.”

“समजा.”

“तर बरोबरी. मग निर्णायक मत अध्यक्षबाईंचं. एरवी अध्यक्ष मत देत नाहीत.”

“त्या तर निधीच्या बाजूच्या. शहरभर फलक लावलेत त्यांनी, ‘मी तुमच्यासोबत’.”

“फलक लावायला काय जातं?” वकील पेल्यात बघत म्हणाले. “बाईंना आता राज्याच्या वरच्या सभागृहात जायचंय. तिथे आमचीही मतं लागतात. प्रस्ताव पडला की फेरी काढणाऱ्यांना सांगता येतं, मी लढले. आम्हाला सांगता येतं, मी कुठे मत दिलं? ह्याच्यापुढे मी बोलणार नाही. मी वकील आहे, मला कुठे थांबायचं ते कळतं.”

“तेवढंच कळतं वाटतं,” म्हणून फौजदारबाई निघाल्या.

अध्यक्षबाईंचं दालन गारठलेलं होतं. त्या शाल पांघरून बसल्या होत्या. मागे भिंतीवर स्वच्छ हवेचं मानपत्र, चौकटीत.

“आल्या आल्या मी पहिलं काम ते केलं,” अध्यक्षबाई अभिमानाने म्हणाल्या. “तो धुरकट बॉयलर बंद. गेल्या महिन्यात स्वतः उभं राहून सील ठोकून घेतलं. सदस्यांना अजून पत्ताही नाही. विचारलं की सांगते, स्वेटर घाला.”

“केमिस्टबद्दल काय सांगाल?”

“गुणी माणूस. पण आमच्या विरोधातला. त्याच्या मताची मला कधी आशाच नव्हती.”

“आणि पडदेवाला?”

“तो भाडेकरू? चांगले शिवतो पडदे. बाकी मला काय माहीत? मी लोकांच्या घरात डोकावत नाही.” त्या पुढे झुकल्या. “पण ऐकलं मी, काहीतरी निरोप सापडलाय म्हणे. वाईट वाटतं हो. ज्यांच्यासाठी आपण लढावं, त्यांच्यातच असं निघालं की लढणाऱ्याचे हात गळतात.”

फौजदारबाईंनी मान डोलावली. बाहेर पडल्यावर त्यांनी सभेच्या चिटणिसाला गाठून सभेचं ध्वनिमुद्रण मागितलं. सगळी सभा मुद्रित होते. ऐकत कुणीच नाही.

“कशाला डोकं दुखवून घेता?” चिटणीस म्हणाला. “नेहमीचंच आहे. फक्त तो पाइपाचा खडखडाट फार आहे मध्ये.”

फौजदारबाईंचा हात दाराच्या कडीवरच थांबला. “कसला खडखडाट?”

४

फौजदारबाईंनी चौकीत खोलीचं दार लावून घेतलं आणि मुद्रण लावलं.

आधी शोकप्रस्ताव, पाणीपट्टी, मोकाट गुरं. मग अभिमान फेरी. एक सदस्य बोलायला उठला आणि पाठीमागून आवाज आला. ठक्. ठक्. ठक्. लोखंडावर काहीतरी आपटल्याचा. सभागृहात कुजबुज. वकीलसाहेबांचा आवाज: “बघा अध्यक्षबाई, तुमच्या प्रस्तावाला खालून पाठिंबा मिळतोय.” मोठा हशा. कुणीतरी म्हणालं, “खालूनच मिळणार.” त्याहून मोठा हशा.

मग अध्यक्षबाईंचा आवाज, स्वच्छ, समजूतदार: “लक्ष देऊ नका. बॉयलर चालू आहे, पाइप वाजतोय. सदस्यांनी ध्वनिक्षेपकाजवळ येऊन बोलावं.”

फौजदारबाईंनी मुद्रण थांबवलं. तळव्याला अजून तो पाइप आठवत होता. थंडगार.

त्यांनी पुन्हा चालू केलं. संस्कृतीवर एक भाषण, खाली ठक् ठक्. समतेवर एक भाषण, खाली ठक् ठक्. दोन्ही भाषणं ऐकण्यासारखी होती, ओव्या म्हटल्यासारखी घोटलेली. ठकठक मंदावत गेली. मध्ये एवढा खंड पडायचा की वाटावं संपली, आणि मग परत एक यायची.

“निधीच्या बाजूने हात वर करा,” अध्यक्षबाई म्हणाल्या. मोजणी. “विरोधात हात वर करा.”

सगळे गप्प. हात मोजले जात होते. त्या शांततेत खालून एकदाच आवाज आला. ठक्.

“प्रस्ताव एका मताने नामंजूर,” अध्यक्षबाई म्हणाल्या. बाकांवर हात आपटले गेले. त्यानंतर पाइप वाजला नाही.

फौजदारबाईंनी मुद्रण बंद केलं. पायातून निघालेला बूट. टाचेला पांढरे कपचे. पाइपाचा पांढरा रंग. पडताना बूट निघाला नव्हता. पाय मोडलेल्या माणसाने तो काढला होता, हातोडा म्हणून.

तरी बाई सावध होत्या. बॉयलर चालू आहे असं एखादी बाई चुकूनही म्हणेल. सभा चालवायच्या घाईत माणूस तोंडाला येईल ते बोलतो. कोर्टात कुठलाही वकील हाच मुद्दा धरून अध्यक्षबाईंना सोडवून नेईल. अध्यक्षबाई त्या दिवशी केमिस्टला भेटल्या होत्या, हे कुठून आणायचं?

त्या पुन्हा पडदेवाल्याकडे गेल्या. ठकठकीचं काही सांगितलं नाही. विचारलं, “तो सभेत नेमकं काय बोलणार होता?”

पडदेवाल्याने कापड घडी करत सांगितलं. “मला तर निधीच नको होता, बाई. मी म्हणायचो, आपल्या फेरीचा खर्च आपण वर्गणी काढून करू. ह्यांच्या पैशाला हात लावला की उद्या हेच पुढे चालतील, हार घालून, आणि आपण मागे. तो म्हणायचा, पैशाचं नाही रे. एकट्यात येऊन सगळेच माझ्या पाठीवर हात ठेवतात. मला तो हात चार लोकांदेखत वर झालेला बघायचाय.”

“आणि भाषण?”

“भाषण कसलं? एकच वाक्य. सकाळी दाढी करताना घोकत होता. त्याला ‘जोडीदार’ शब्द आवडायचा नाही, म्हणे दुकानात भागीदार असतो तसा वाटतो. ‘नवरा’ म्हटलं तर लोक आधी हसतील. मग त्यालाच सुचलं. आरशात बघून म्हणाला, ‘माडीवर राहतात ते माझे भाडेकरू नाहीत. ते आमचे हे आहेत.’” पडदेवाल्याचा आवाज फाटला. “बायका म्हणतात ना नवऱ्याला, आमचे हे. आम्ही दोघं इतके हसलो की त्याला दाढीचं कापलं. मी म्हटलं, अरे, मी तुझे हे, मग तू माझे कोण? म्हणाला, मी पण हेच.”

“हे वाक्य आणखी कुणाला माहीत होतं?”

“कुणाला असणार? त्याच सकाळचं तर आहे. फक्त म्हणाला, सभेआधी एकाच माणसाला सांगून ठेवतो. निदान एक चेहरा तरी आनंदलेला बघून मग आत जातो.”

फौजदारबाईंचे स्वतःचे ‘हे’ वारून बरीच वर्षं झाली होती. आयुष्यभर त्यांनी तो शब्द वापरला, त्यामुळे कानाला खटकलाच नाही. तळघराच्या दारात कुणीतरी पदराआडून म्हणालं होतं, त्यांच्या... ह्यांना कळवलं का हो कुणी? फौजदारबाईंना वाटलं होतं, बाईंना शब्द सापडत नाहीये.

शब्द नेमका सापडला होता.

५

“बसा,” अध्यक्षबाई म्हणाल्या. फौजदारबाई बसल्या नाहीत. खिडकीखालच्या पाइपावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“बॉयलर बंद आहे.”

“मीच तर सांगितलं तुम्हाला.”

“सभेत म्हणालात चालू आहे.”

अध्यक्षबाईंनी शाल सारखी केली. “बोलण्याच्या ओघात...”

“सील स्वतः उभं राहून ठोकून घेतलंत. सदस्यांना पत्ता नव्हता, तुम्हाला होता. सगळ्या सभागृहात तुम्ही एकट्याच होतात ज्यांना ठाऊक होतं की तो पाइप वाजूच शकत नाही. कुणीतरी वाजवल्याशिवाय.”

“हे काय पुरावा म्हणायचं?”

“हे एकटं असतं तर मीही सोडून दिलं असतं. सगळं शहर त्याला भाडेकरू म्हणतं. तुम्हीही मला इथे बसून भाडेकरू म्हणालात. पण देह बघितल्यावर पहिल्या झटक्यात तोंडून निघालं, ‘त्यांच्या ह्यांना’. तो शब्द त्याने त्याच सकाळी दाढी करताना जुळवला होता. जगात तो एकाच तिसऱ्या माणसाला सांगणार होता. ज्याला ऐकून आनंद होईल, अशा माणसाला. आठवडाभरात पाहिलं नव्हतंत ना त्याला?”

अध्यक्षबाईंची नजर दाराकडे गेली.

“आणि दिवा. आत माणूस असताना दार लावून दिवा घालवणारा हात माझ्यासमोरच एकदा चाललाय. मी खाली होते तेव्हा.”

बाहेर मार्गिकेत कुणीतरी चपला घासत गेलं. अध्यक्षबाईंनी ते पाऊल दूर जाईपर्यंत वाट पाहिली. मग सपाट आवाजात बोलू लागल्या.

“इतका खूश होऊन आला होता. म्हणाला, अध्यक्षबाई, आज बरोबरी होणार, आणि तुमचं मत निर्णायक. जसं काही मला बक्षीसच आणलं होतं. मी म्हटलं, इथे मार्गिकेत नको, खाली चला, निवांत बोलू. तो पुढे उतरला. मी दारातच होते. मी कडी लावली.”

“आणि दिवा?”

“दिवा... मला आठवतसुद्धा नाही. खरंच आठवत नाही.” त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. “मला फक्त तेवढं मतदान होईपर्यंत हवं होतं. नंतर मी माफी मागणार होते. सांगणार होते, चुकून लागली.”

“तो अंधारात वर यायला निघाला आणि पडला. तुम्ही ठकठक ऐकलीत.”

“मला वाटलं रागाने ठोकतोय. मी असते तर ठोकलं असतं.”

“शेवटी शेवटी? तेव्हाही रागाने?”

अध्यक्षबाईंनी शाल घट्ट ओढून घेतली.

“सभा संपल्यावर कडी तुम्हीच काढलीत.”

“दार उघडून हाक मारली. ओ दिली नाही. दिवा लावून पाहिलं.” त्या थांबल्या. “मग परत घालवला.”

६

फौजदारबाईंनी पडदेवाल्याला सगळं दुकानात जाऊन सांगितलं. शटर अर्धं ओढलेलं होतं. पहिल्यांदा एवढंच सांगितलं की तो लपायला गेला नव्हता. फोन खणात ठेवून, भांग पाडून, सभागृहाच्या दारापर्यंत आला होता. मग बाकीचं.

पडदेवाल्याने सगळं ऐकून घेतलं. मान वर केली तेव्हा चेहऱ्यावर क्षणभर नुसता आनंद होता, लहान पोरासारखा. “म्हणजे आला होता,” तो म्हणाला. “येणारच होता.”

आणि मग त्याला ते आठवलं. फौजदारबाईंना त्याचा चेहरा बदलताना दिसला, आणि त्यांनी दुसरीकडे पाहिलं.

“तो पाइप,” तो म्हणाला. “बाई, मी पण ऐकला. मी सज्जात बसून त्या आवाजावर चिडलो होतो. मला वाटत होतं, हे वाजायचं थांबलं तर निदान त्याची पावलं ऐकू येतील.”

अध्यक्षबाईंवर सदोष मनुष्यवधाचा खटला लागला. जामीनही लागलीच झाला. खुर्ची तात्पुरती वकीलसाहेबांकडे आली.

आणि सभागृहाने, अर्थातच, दुखवट्याची सभा भरवली. धाकटा भाऊ पुढच्या रांगेत. निळे पडदे धुऊन लावलेले. ‘आजन्म अविवाहित राहून त्यांनी शहराची सेवा केली,’ असं वकीलसाहेबांनी वाचलं. वाचताना त्यांचा आवाज भरून आला. मग त्यांनी जाहीर केलं की दिवंगत सदस्यांच्या स्मरणार्थ अभिमान फेरीला निधी द्यायचा प्रस्ताव पुन्हा मांडत आहोत. आता गटारं तुंबलेली नव्हती. वर्तमानपत्रवाले आले होते.

“बाजूने असतील त्यांनी हात वर करा.”

सगळे हात वर. डावे, उजवे, कुत्र्यांचं प्रदर्शन भरवणारे, ‘खालूनच मिळणार’ म्हणणारे. एकमताने. छायाचित्रकार पुढे सरसावले.

“हात खाली घेऊ नका,” सज्जातून आवाज आला.

पडदेवाला कठड्याला धरून उभा होता. फौजदारबाई त्याच्या शेजारी होत्या. शिपाई त्याला खाली बसवायला आला, तेव्हा त्यांनी शिपायाकडे नुसतं पाहिलं. तो मागे झाला.

“मी त्यांचा भाडेकरू नाही,” पडदेवाला म्हणाला. “मी आमच्या ह्यांचा हे. त्यांचं वाक्य राहिलं होतं, ते मी बोललो. आता मत घ्या. निधीवर नको, तो तुम्हाला ठेवायचा तर ठेवा. ह्याच्यावर घ्या. त्या दिवशी ह्या फरशीखालून कुणीतरी ठोकत होतं. तुम्ही हसलात. मग बॉयलर म्हटल्यावर गप्प बसलात. एकाने उठून जिना उतरून बघितलं असतं, एकाने, तर तो जगला असता. ज्यांना तो आवाज ऐकू आला होता, त्यांनी हात वर ठेवा.”

त्याने आधी स्वतःचा हात वर केला.

खाली हात डळमळू लागले. कुणी डोकं खाजवायला नेला, कुणी चष्मा सारखा करायला. वकीलसाहेबांनी घंटी वाजवून, हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नाही, असं सांगितलं. इतिवृत्तात ह्यातलं काही नाही. तिथे लिहिलंय: ‘सभा शांततेत संपन्न झाली.’

तर माननीय सभागृह, हात वरच आहे त्याचा अजून. रोज नियमाने सज्जात येऊन बसतो आणि हात वर करतो. त्या दिवशी मत मागितलं होतं, ते मोजायचं राहिलंय.

आवाज तुम्हाला ऐकू आला होता की नव्हता?